माल थोडा घ्या, पुन्हा घ्या: गावातल्या कापड दुकानासाठी वर्षभराच्या खरेदीचं नियोजन

दिवाळीनंतरच्या आठवड्यात कापड दुकानदाराचा गल्ला भरलेला दिसतो, पण खरी परिस्थिती मागच्या कपाटांत असते. चार महिन्यांपूर्वी हौसेनं आणलेल्या कुर्त्या, एकेका साइजचे उरलेले शर्ट, कुणीच न मागितलेल्या रंगाच्या साड्या. विक्री चांगली झालेली असते, तरी व्यापाऱ्याचं देणं द्यायला हातात पैसा नसतो, कारण नफा कपाटात घडी घालून ठेवलेला असतो.

गेल्या दहा वर्षांत या धंद्याचं गणित बदललं. टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीनं २०१६ मध्ये झुडिओ सुरू केलं आणि मार्च २०२५ पर्यंत त्याची दुकानं साडेसातशेच्या पुढे गेली. बहुतेक कपडे हजाराच्या आत, आणि जिल्ह्याच्याच नाही तर काही तालुक्यांच्या गावांतही. दुसरीकडे मीशोसारख्या ॲपवर दोन-अडीचशेची कुर्ती घरपोच येते. पूर्वी वर्षातून दोनदा सुरत-मुंबईची फेरी करून कपाटं भरली की वर्ष निघायचं. आता एखादी डिझाइन जेमतेम दोन-तीन महिने चालते आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर तिचा भाव आधीच आलेला असतो.

माझं मत सरळ आहे. छोटं दुकान नव्या फॅशनच्या अभावानं बुडत नाही, जुन्या मालात पैसा अडकल्यानं बुडतं. त्यामुळे इथं ‘यंदा काय चालणार’ याचं भाकीत मिळणार नाही. हंगाम ओळखून कमी माल कसा घ्यायचा, चाललेला माल पटकन परत कसा आणायचा आणि न चाललेला वेळेत कसा बाहेर काढायचा, हे पायरीपायरीनं सांगतो. साड्या, महिलांचे आणि मुलांचे तयार कपडे विकणारं, पाच ते पंचवीस लाखांचा माल असलेलं दुकान मी डोळ्यासमोर ठेवलं आहे.

पायरी १ : पंचांग समोर ठेवून कॅलेंडर बनवा

मोठ्या कंपन्यांचे हंगाम उन्हाळी आणि हिवाळी असे दोन. ही विभागणी थंड देशांच्या हवामानातून आली. आपल्याकडे कपड्यांची खरेदी हवेपेक्षा तिथीवर चालते आणि तिथी दरवर्षी सरकते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. ‘मागच्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरला धंदा निम्म्यावर आला’ अशी तक्रार करण्याआधी दिवाळी कुठल्या महिन्यात होती ते पाहा. तुलना तारखेशी करू नका, सणाशी करा: दसऱ्याआधीचे पंधरा दिवस मागच्या दसऱ्याआधीच्या पंधरा दिवसांशी.

वहीच्या एका पानावर वर्ष मांडा. संक्रांतीला काळी साडी, काळा झबला-कुर्ता, नव्या सुनेचा पहिला सण आणि बाळाचं बोरन्हाण. ही खरेदी आठ-दहा दिवसांत उरकते आणि भोगीनंतर काळ्या मालाला हात लागत नाही. मग गुढीपाडवा, आणि चांद्र वर्षामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येणारी ईद. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आणि ईद त्याच आठवड्यात. अशा वर्षी दोन्ही गिऱ्हाइकं एकदम येतात, मुलांचे कपडे आधी संपतात. विदर्भ-मराठवाड्यात १४ एप्रिलच्या भीमजयंतीला पांढऱ्या आणि निळ्या कपड्यांची मागणी इतकी ठरलेली असते की मार्चअखेर तो माल दुकानात नसला तर गिऱ्हाईक शेजारी जातं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. वसईत आणि गोव्यात नाताळ हा मोठा हंगाम. जूनमध्ये गणवेश, विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा भरतात, म्हणून तिथली गर्दीही एक-दोन आठवडे उशिरा. श्रावणात मंगळागौरीच्या नऊवारी, भाद्रपदात गौरी-गणपती, मग नवरात्र, दसरा, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई.

लग्नाचे मुहूर्त स्वतंत्र रंगानं लिहा. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नं थांबतात असं धरून चालायची पद्धत आहे, पण हल्ली काही पंचांगांत त्या काळातलेही आपत्कालीन मुहूर्त छापलेले असतात आणि शहरातल्या कार्यालयांत लग्नं लागतातही. मुहूर्त मोजा आणि कार्यालयवाल्याला विचारा की तारखा किती भरल्या. तुमच्या लग्नाच्या मालाचा यापेक्षा खात्रीचा अंदाज कुठे मिळत नाही.

अधिक महिना विसरू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन उन्हाळी लग्नसराईतला महिना हातचा जातो, म्हणजे शालू-शेरवानीची खरेदी तेवढी कमी करायची. पण त्याच महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. शर्ट-पँटचे पीस, तयार कुर्ते, लेकीला साडी. ज्या दुकानात ‘अधिक महिन्याचा आहेर’ म्हणून बांधलेले जोड समोर मांडलेले असतात, तिथं तो महिना रिकामा जात नाही.

पायरी २ : गावात पैसा कधी येतो ते त्याच पानावर लिहा

सण आला आणि हातात पैसा नसला तर माणूस मुलांचे कपडे घेतो, स्वतःचे नाही. मराठवाड्यात-विदर्भात सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकलं जातं, कापूस त्यानंतर काही वेचण्यांत येत राहतो. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे ऊस नोव्हेंबरपासून तुटतो आणि बिलं हिवाळाभर येतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात फेब्रुवारी-मार्च. दिवाळी लवकर आली आणि सोयाबीन अजून शेतात असलं तर भारी माल दिवाळीत जात नाही, तो तुळशीच्या लग्नानंतर जातो. अशा वर्षी दिवाळीला हलका माल आणि लग्नाच्या मालाची खरेदी तीन आठवडे पुढे, असं करायचं. नोकरदारांच्या गावात हा हिशोब पगाराच्या तारखेवर आणि बोनसवर चालतो. अडत्याशी, खतवाल्याशी, सोनाराशी बोलत राहा. बाजारात पैसा सुटला की नाही हे त्यांना तुमच्या आधी कळतं.

पायरी ३ : कपाटं उघडा आणि माल मोजा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. हंगाम सुरू होण्याच्या दीड महिना आधी एक रविवार दुकान अर्धा दिवस बंद ठेवा. प्रकारवार मोजा: सहावारी रोजच्या, सहावारी काठपदर, कुर्ती, लेगिंग, टॉप, मुलांचे सेट, फ्रॉक, अंतर्वस्त्रं. प्रत्येकापुढे खरेदीच्या भावानं रक्कम लिहा. एमआरपीनं लिहिलीत तर आकडा मोठा दिसेल आणि तुमचीच फसगत होईल.

मग वयाप्रमाणे तीन ढीग करा: तीन महिन्यांच्या आतला, तीन ते सहा महिन्यांचा, सहा महिन्यांवरचा. ‘सांगायला सहा लाखांचा माल आहे’ आणि ‘विकायला साडेचार लाखांचा आहे’ हा फरक इथं उघड होतो. यापुढे हे सोपं व्हावं म्हणून किमतीच्या प्रत्येक चिठ्ठीवर माल आल्याचा महिना-वर्ष कोडात लिहायला लागा. संगणकावर बिलिंग असेल तर बारकोडमध्ये ते बसतंच. नसेल तर पेननं चार आकडे पुरतात.

याच वेळी प्रत्येक प्रकारात पैसा वर्षातून किती वेळा फिरतो तेही पाहा. एक लाखाचे भारी शालू वर्षभरात दीड लाखाला गेले, तर पन्नास हजार सुटले. एक लाखाच्या लेगिंग आणि अंतर्वस्त्रांवर पंचवीस टक्केच चढवले, पण तो माल वर्षात पाच वेळा भरला, तर सव्वा लाख सुटले. तेवढ्याच भांडवलात. याचा अर्थ शालू बंद करा असा नाही. शालू बघायला आलेलं घर बस्ता बांधून जातं. पण शालू स्वतःच्या पैशानं कमी ठेवा आणि ओळखीच्या व्यापाऱ्याकडून जांगडवर आणा, म्हणजे विकला तर बिल, नाही तर परत. लेगिंगच्या रंगांची पेटी मात्र कधी अर्धवट ठेवू नका. काळी आणि पांढरी संपली म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चूक आहे.

पायरी ४ : बाजारात जाण्याआधी खरेदीची मर्यादा काढा

सूत्र साधं आहे. हंगामात जेवढी विक्री अपेक्षित आहे तिची खरेदीकिंमत, अधिक हंगामानंतर दुकानात राहायला हवा तेवढा माल, वजा आज असलेला विकण्याजोगा माल, वजा आधीच ऑर्डर दिलेला माल.

समजा नवरात्र ते दिवाळी कर सोडून बारा लाखांची विक्री अपेक्षित आहे आणि विक्रीवर तुम्हाला पस्तीस टक्के सुटतात. म्हणजे विकला जाणारा माल खरेदीभावानं ७ लाख ८० हजारांचा. दिवाळीनंतर दुकान रिकामं दिसू नये म्हणून ५ लाखांचा हवा. आज कपाटात साडेसहा लाखांचा आहे, पण त्यातला दीड लाखाचा सहा महिन्यांवरचा, तो धरायचा नाही. उरला ५ लाखांचा. एक लाखाची ऑर्डर आधीच गेली आहे. ७.८ अधिक ५, वजा ५, वजा १. खरेदीची मर्यादा ६ लाख ८० हजार.

आता नियम असा की पहिल्या फेरीत यातले चार लाखच खर्च करायचे. उरलेले २ लाख ८० हजार राखून ठेवायचे, कारण काय चाललं हे नवरात्राच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं आणि तेव्हा हातात पैसा असेल तरच चाललेला माल परत आणता येतो. झारासारखी स्पॅनिश कंपनी जगभर वाढली ती याच शिस्तीवर: सुरुवातीला थोडे नग, दुकानातून रोजची खबर, आणि चाललेल्या मालाची काही आठवड्यांत पुन्हा रवानगी. तिला कारखाने आणि विमानं लागतात. तुम्हाला सुरतेचं पार्सल दोन-चार दिवसांत ट्रान्सपोर्टनं मिळतं आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, त्यामुळे तुमची खबर तिच्यापेक्षा ताजी असते.

रक्कम प्रकारांत वाटताना मी साठ, पंचवीस, पंधरा असं धरतो. साठ टक्के रोजचा ठरलेला माल, पंचवीस टक्के सणाचा-लग्नाचा, पंधरा टक्के नवीन काहीतरी. कॉलेजसमोरच्या दुकानात पंधराचे तीस होतील. बाजारपेठेतल्या जुन्या साडी दुकानात दहाही पुरतील.

पायरी ५ : ट्रेंड आधी तपासा, मग भरा

नवरात्राच्या नऊ रंगांपासून सुरुवात करू, कारण कपड्यांचा इतका मोठा आणि इतका वेळेवर येणारा ट्रेंड महाराष्ट्रात दुसरा नाही. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र टाइम्सनं तो लोकप्रिय केला आणि आज बँकेपासून अंगणवाडीपर्यंत सगळीकडे त्या रंगाची साडी दिसते. बरेच दुकानदार रंगांची यादी छापून येईपर्यंत थांबतात. थांबायची गरज नाही. गेल्या काही वर्षांच्या याद्या काढून पाहा: पहिल्या सात दिवसांचे रंग वारावर ठरलेले आहेत. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारिंगी. २०२४ मध्ये घटस्थापना गुरुवारी होती, यादी पिवळ्यापासून सुरू झाली. २०२६ मध्ये ती रविवारी, ११ ऑक्टोबरला आहे, म्हणजे नारिंगी आधी. बदल होतो तो शेवटच्या दोन दिवसांत. तिथे मोरपंखी, जांभळा, गुलाबी आलटून पालटून येतात. म्हणजे नऊतले सात रंग तुम्हाला वर्षभर आधी ठाऊक आहेत आणि सुरतेचा व्यापारी भाव वाढवायच्या आधी तुम्ही ऑर्डर देऊ शकता.

रंगांतही फरक करा. लाल, हिरवा, पिवळा उरला तरी हळदीला, लग्नाला, गौरीला जातो. करडा आणि नारिंगी बऱ्याच घरांत आधीपासून नसतो, म्हणून मागणी जोरात येते, पण उरला तर तसाच पडतो. हे दोन रंग स्वस्त साडीत, कुर्तीत आणि ओढणीत ठेवा, भारी साडीत नको. आणि नवरात्राच्या नवव्या दिवशी रंगांच्या ढिगातला जो माल उरेल त्याची किंमत दसऱ्यालाच खाली आणा.

बाकीच्या ट्रेंडचं असं ठरलेलं नसतं. मालिकेतल्या नायिकेची साडी, लग्नाच्या रीलमधला नवरीचा रंग, पुण्या-मुंबईच्या मुलींच्या अंगावरचे सैल शर्ट हे सगळं गावात येतं, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि सगळं येत नाही. तपासायला तीन जागा पुरतात. पहिली, गावातली शिंपीण: बायका ब्लाऊजचा कुठला फोटो दाखवतात, कुठल्या बाह्या शिवून मागतात, हे तिला रोज कळतं. दुसरी, कॉलेज सुटायची वेळ. तिसरी आणि सर्वात मोलाची म्हणजे काउंटरवरची ‘नव्हतं’ वही. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, असं प्रत्येक वेळी एका ओळीत लिहायचं: वस्तू, रंग, साइज, किती रुपयांपर्यंत. बिलाची वही काय विकलं ते सांगते. काय विकता आलं असतं ते ही वही सांगते. एकच गोष्ट आठवड्यात पाच-सहा वेळा लिहिली गेली की आणायची.

नवीन डिझाइन आणली तर दोन किंवा तीन सेट (एका सेटमध्ये प्रत्येक साइजचा एकेक नग). दर्शनी भागात, पुतळ्यावर, पूर्ण किमतीला. दहा दिवसांत निम्मे नग गेले तर त्याच दिवशी फोन करून पुन्हा मागवा. एकदा पुन्हा मागवून झालं की तिसऱ्यांदा मागवताना हात आखडता घ्या, कारण तोवर शेजाऱ्याकडेही तो माल आलेला असतो. दहा दिवसांत एक-दोनच गेले तर पुन्हा मागवू नका, उरलेला माल पायरी ९ प्रमाणे काढा.

पायरी ६ : खरेदीची फेरी

कुठला माल कुठे हे जुन्या दुकानदारांना पाठ असतं, नव्यांसाठी थोडक्यात: साड्या आणि ड्रेस मटेरियल सुरत, ठोक भावाच्या ड्रेस मटेरियलसाठी मुंबईत हिंदमाता, जीन्स उल्हासनगर, टी-शर्ट आणि होजिअरी तिरुपूर, लोकरीचे कपडे लुधियाना, गणवेश सोलापूर, पैठणी येवला. पश्चिम महाराष्ट्रातल्या छोट्या दुकानांना कोल्हापूरजवळचं गांधीनगर, विदर्भातल्यांना नागपूरचं गांधीबाग-इतवारी. जवळच्या बाजारात नग मागे पाच-दहा रुपये जास्त पडले तरी आठवड्याला जाऊन थोडा माल आणता येतो. माझ्या मते छोट्या दुकानानं रोजचा माल दूरच्या स्वस्त बाजारातून आणि नवीन डिझाइन जवळच्या बाजारातून घ्यावी.

व्यापाऱ्याकडे चार गोष्टी बोलून घ्या. साइज फोडून मिळेल का? बहुतेक सेट एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल एकेक असा येतो. तुमच्या गावात एल-एक्सएल आधी संपत असतील तर दुसऱ्या आठवड्यात साइज तुटते आणि उरलेले एम कुणाच्या कामाचे नसतात. तुमच्या बिलांवरून तीन महिन्यांचं प्रमाण काढा आणि तसा माल मागा. एकदाच येऊन लॉट घेणाऱ्याला साइज फोडून द्यायला नाही म्हणतात, नियमित फोन करणाऱ्याला देतात. दुसरं, खराब निघालेला नग बदलून किती दिवसांत? तिसरं, हाच माल पंधरा दिवसांनी मिळेल का? ‘आत्ताच घ्या, परत येणार नाही’ असं उत्तर आलं तर दोनच सेट उचला. चौथं, पैसे किती दिवसांनी.

हे चौथं आता कराशीही जोडलेलं आहे. २०२३ च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकराच्या कलम ४३ ब मध्ये भर घातली. माल बनवणारा पुरवठादार उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. ३१ मार्चला मुदत उलटलेली बाकी राहिली तर ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळते. निव्वळ व्यापारी असलेल्या ठोक विक्रेत्याला हा नियम लागत नाही. तेव्हा बिल देणारा बनवणारा आहे की व्यापारी, हे बिलावर आत्ताच लिहून ठेवा आणि फेब्रुवारीत सीएकडे यादी द्या.

पायरी ७ : चिठ्ठीवरची किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी ही रेषा १,००० वर होती आणि वरचा दर १२ टक्के होता. हजार ते अडीच हजारांतला माल, म्हणजे चांगल्या कुर्ती सेटपासून मुलांच्या शेरवानीपर्यंत, स्वस्त झाला. हा पट्टा तुम्ही जरूर वाढवा, तिथं झुडिओ जवळजवळ नाही.

पण रेषेच्या पलीकडे जपून. समजा लहेंग्याची चिठ्ठी करासकट २,५९९ ची. ५ टक्के कर वजा जाता तुमच्याकडे सुमारे २,४७५ राहतात. तोच २,९९९ ला लावला तर १८ टक्के जाऊन सुमारे २,५४२. गिऱ्हाइकानं चारशे रुपये जास्त दिले आणि तुमच्या वाट्याला ६७ आले. करासकट २,६२५ हा उंबरठा लक्षात ठेवा; माल तिथं बसत असेल तर तिथंच बसवा, नाही तर दर्जा वाढवून सरळ साडेतीन-चार हजारांचा माल ठेवा. साडी मात्र कापडात मोडते, तिला ही रेषा नाही, ५ टक्केच. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक कर भरायची जीएसटीची सोय) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, त्यामुळे हा हिशोब तुमच्यासाठी वेगळा.

झुडिओच्या किमतीच्या साध्या टी-शर्टवर भांडू नका. त्यांची खरेदी लाखो नगांची असते. ते टी-शर्ट ठेवा, कमी ठेवा, आणि जागा दुसऱ्या गोष्टींना द्या.

पायरी ८ : साखळी दुकानाला जे जमत नाही ते उभं करा

पहिला मान बस्त्याला. नवरीचे शालू, नवरदेवाची शेरवानी, मानाच्या साड्या, आहेराचे पीस, टॉवेल-टोपी, फेटे: एका घराची पाऊण-एक लाखाची खरेदी एका बैठकीत होते आणि तिथं माणूस बसून हिशोब मांडणारा लागतो. मानपानाची यादी छापून ठेवा, घरच्या बायकांना आधी देऊन पाठवा. नावाच्या चिठ्ठ्या लावून गठ्ठे बांधून द्या. उरलेल्या मानाच्या साड्या लग्नानंतर आठ दिवसांत बदलून देऊ असं कबूल करा. याच एका शब्दावर बस्ता दुसऱ्या गावाहून तुमच्याकडे येतो.

दुसरं, शिलाई. फॉल-पिको त्याच दिवशी, ब्लाऊज ठरल्या तारखेला, कुर्तीची बाही-उंची अर्ध्या तासात. शिंपीण दुकानात बसवा किंवा शेजारचा गाळा तिला द्या. तयार कपडा अंगाला बसत नाही ही ऑनलाइन खरेदीची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिचं उत्तर तुमच्याकडे शिलाई मशीनच्या रूपात आहे. तिसरं, मोठ्या मापांचे कपडे, साठीपुढच्या बायकांचे गाऊन आणि परकर, शिवलेली नऊवारी, बाळंतिणीचे कपडे. यांची गिऱ्हाइकं बोलकी असतात, एक आली की चार येतात.

फोनचा वापर याच कामासाठी करा. व्हॉट्सॲप बिझनेसवर प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) बनवा. एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो, म्हणून बिल देताना नंबर जतन करायला सांगा. सगळ्यांना सगळं पाठवू नका. साडीवाल्यांची यादी वेगळी, लहान मुलांच्या आयांची वेगळी. आठवड्याला दोन संदेश, दिवसाच्या उजेडातला फोटो, किंमत स्पष्ट. ‘किंमत इनबॉक्स’ लिहिलं की निम्मी माणसं पुढे विचारत नाहीत. मोठ्या ॲपवर स्वतःचा माल विकायला जाण्याआधी परतीचा खर्च कागदावर मांडा; घेणाऱ्यानं नाकारलेलं पार्सल जाण्यायेण्याचा वेळ खातं, आणि आठ-पंधरा दिवसांनी चुरगळून परत आलेली कुर्ती तोवर हंगामाबाहेर गेलेली असते.

पायरी ९ : न चाललेला माल वेळेत काढा

किंमत उतरवायला मन होत नाही, हे मी समजू शकतो. आकडे पाहा. ६०० ला घेतलेली, हजाराची चिठ्ठी असलेली कुर्ती अडीच महिन्यांनी वीस टक्के सुटीनं ८०० ला गेली तर २०० सुटले. ती वर्षभर ठेवून ५०० ला काढली, तर १०० तोटा, आणि ६०० रुपयांवर महिना दीड टक्क्यानं १०८ व्याज. एका कुर्तीमागे चारशेचा फरक, शिवाय मोकळे झालेले पैसे मधल्या काळात दोनदा फिरले असते ते वेगळेच.

चिठ्ठीवरच्या महिन्यावरून पायऱ्या ठरवा. पंचेचाळीस दिवस झाले की जागा बदला, पुतळ्यावर चढवा, विक्री करणाऱ्या मुलीला नगामागे दहा-वीस रुपये द्या. पंचाहत्तर दिवसांनी वीस टक्के कमी. शंभर दिवसांनी खरेदीभाव. त्यानंतर आषाढातला सेल किंवा संक्रांतीनंतरचा सेल, आणि तिथं जे उरेल ते फेरीवाल्याला एकगठ्ठा. सेलचा माल वेगळ्या टेबलावर, ठळक किमतीसह; नव्या मालात मिसळला की गिऱ्हाईक नव्या मालावरही घासाघीस करतं. किमती आधी वाढवून मग सूट दाखवू नका, गावात हे दोन दिवसांत कळतं. काळ्या साड्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गणवेश जुलैच्या मध्यात, स्वेटर जानेवारीअखेर, या तीन गोष्टींना सवलतीच्या पायऱ्या नाहीत, त्या थेट खरेदीभावाला.

सुरुवात कधी करायची

पुढचा मोठा हंगाम दीड महिन्यावर असेल तेव्हा. पहिल्या वर्षी सगळ्या पायऱ्या एकदम उचलू नका. माल मोजणं, खरेदीची मर्यादा आणि ‘नव्हतं’ वही या तिघींपासून लागा. हंगाम संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा मोजणी करा आणि प्रत्येक प्रकारापुढे दोनच आकडे लिहा: शंभर नगांतले पूर्ण किमतीला किती गेले, आणि किती उरले. पूर्ण किमतीला सत्तरच्या वर गेलेला प्रकार पुढच्या हंगामात वाढवा. पन्नासच्या खाली असेल तर त्याच व्यापाऱ्याचा तोच प्रकार निम्म्यानं कमी करा, त्याच्याशी कितीही जुने संबंध असले तरी.